जुन्या फिश टँकमध्ये नवे मासे सोडताना

स्थिरावलेल्या टाकीत नवे मासे सोडल्यानंतर होणारे नुकसान दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात नवे मासे दोन-चार दिवसांत मरतात आणि जुने मासे मात्र ठणठणीत राहतात. दुसऱ्या प्रकारात नवे मासे तगतात, पण आठवडा-दोन आठवड्यांनी जुन्या माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उमटतात, त्यांचे खाणे सुटते आणि वर्षानुवर्षे सांभाळलेली टाकी पाहता पाहता रिकामी होते. पहिल्या प्रकाराचे मूळ बहुधा पाण्यात असते, तर दुसऱ्याचे रोगात. दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत. मात्र त्यासाठी दुकानातून मासे आणण्याच्या आधीपासून ते टाकीत रुळेपर्यंत साधारण महिनाभराचा धीर धरावा लागतो.

जुने जगतात, नवे मरतात, असे का?

टाकीत माशांच्या मलमूत्रातून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर आणि दगडांवर वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलले की कमी होते. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीत ते असतातच, परंतु त्यांची संख्या तेथील माशांच्या संख्येला बेताचीच असते. सहा माशांच्या टाकीत एकदम आठ मासे वाढले, तर जीवाणूंना ते प्रमाण गाठण्यास काही दिवस लागतात आणि त्या मधल्या काळात अमोनिया व नायट्राइट वाढतात.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. अनेक घरांत टाकीचे पाणी बदलले जात नाही, आटलेले तेवढे भरून काढले जाते. पाण्याची वाफ होते, क्षार व नायट्रेट मात्र मागेच राहतात आणि महिन्यामागून महिने साठत जातात. जीवाणूंच्या कामातून आम्ल तयार होत असल्यामुळे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, हळूहळू उतरतो. जुने मासे या बदलाला इंचाइंचाने सरावलेले असतात. दुकानातील ताज्या पाण्यातून आलेल्या माशाला मात्र तेच पाणी एका क्षणात अंगावर घ्यावे लागते. पाणी दिसायला काचेसारखे नितळ असते आणि जुने मासे खेळत असतात, म्हणून दोष दुकानदाराला दिला जातो.

गोव्यात हा प्रकार लवकर घडण्यास एक स्थानिक कारण आहे. ओपा, साळावली, अस्नोडा आदी प्रकल्पांतून येणारे नळाचे पाणी नद्यांचे व धरणांचे असल्याने सर्वसाधारणपणे मृदू असते. जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी तर मृदू आणि बहुधा किंचित आम्लधर्मी असते. मृदू पाण्यात आम्ल शोषून घेणारे क्षार कमी असतात, त्यामुळे त्याचा सामू फारसा अडथळा न येता घसरतो. घाटावरील बोअरवेलच्या कठीण पाण्यात ही घसरण सावकाश होते, पण तेथे क्षारांचा साठा अधिक वाढतो. उन्हाळ्यात टँकरचे पाणी वापरावे लागत असेल, तर ते प्रत्येक वेळी तपासून घेणे इष्ट. त्याचा उगम दर खेपेला वेगळा असू शकतो.

आधी टाकीची तपासणी

नवे मासे आणण्यापूर्वी दोन-तीन आठवडे टाकीच्या पाण्याची चाचणी करावी. माशांच्या दुकानात थेंब टाकून रंग पाहण्याची चाचणी-संचे मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत, नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत असावे आणि सामू नळाच्या पाण्याच्या सामूच्या जवळपास असावा. नळाचे पाणी 7.2 आणि टाकीचे 5.8 असे अंतर दिसले, तर टाकी जुनी झाली आहे असे समजावे आणि नव्या माशांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

अशा वेळी एकदम निम्मे पाणी बदलण्याची घाई घातक ठरते. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया प्रामुख्याने अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. सामू वाढला की तोच अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. 25 अंश सेल्सिअस तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी एका टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे सुमारे नऊपट होतो. म्हणून दर दुसऱ्या दिवशी दहा ते पंधरा टक्के पाणी बदलत दोन-तीन आठवड्यांत टाकी सुधारावी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे द्रावण वापरावे किंवा पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून 24 तास ठेवावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा, नाहीतर क्लोरीनमुळे जीवाणूंची वसाहतच नष्ट होते.

टाकीत जागा आहे की नाही, हाही प्रश्न आहेच. पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण तापमानाबरोबर घटते: 25 अंशांना लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना सुमारे 7.6. एप्रिल-मे महिन्यांत दाटीवाटीच्या टाकीत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात, ते यामुळेच.

कोणाबरोबर कोण

सोबत निवडताना रंगापेक्षा स्वभाव, पूर्ण वाढीचे आकारमान आणि लागणारे पाणी यांचा विचार आधी व्हावा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा आणि भरपूर घाण करणारा मासा. एंजल, टेट्रा यांच्या उबदार टाकीत तो घालणे दोघांच्याही गैरसोयीचे. टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर कुरतडतात, त्यामुळे एंजल किंवा फायटरशी त्यांचे जमत नाही. फायटरचे दोन नर एका टाकीत ठेवता येत नाहीत. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न तोंडात मावेल तो मासा गिळतात. निऑन टेट्रा, झेब्रा डॅनिओ यांसारखे थव्याने राहणारे मासे सहापेक्षा कमी संख्येत भेदरलेले राहतात. काच साफ करतो म्हणून बोटाएवढा आणलेला सकर फूटभराहून मोठा होतो आणि लहान टाकीत त्याची स्वतःचीच घाण काचेवरील शेवाळाहून अधिक होते. टाकीत आधीपासून असलेल्यांपेक्षा दांडगा मासा नेहमी सर्वांत शेवटी आणावा. आधी आलेला दांडगा मासा संपूर्ण टाकी आपलीच समजतो.

दुकानात काय पाहावे

आवडलेला एक मासा पाहण्याआधी तो ज्या टाकीत आहे ती टाकी पाहावी. तिच्यात एकही मासा मेलेला, कलंडलेला किंवा कोपऱ्यात वर येऊन श्वास घेणारा दिसला, तर त्या टाकीतील कोणताच मासा घेऊ नये. निरोगी माशाचे पर पसरलेले, डोळे स्वच्छ, पोट भरलेले आणि कल्ल्यांची हालचाल संथ व दोन्ही बाजूंनी सारखी असते. पर अंगाला चिकटवून राहणारा, दगडावर अंग घासणारा, पाठीचा कणा वाकलेला किंवा पोट खपाटीला गेलेला मासा टाळावा. दुकानदाराला थोडे खाद्य टाकण्याची विनंती करावी. जो मासा झेपावून खातो तो बहुधा निरोगी.

मासे दुकानात केव्हा आले, हे आवर्जून विचारावे. चेन्नईतील कोळत्तूर किंवा कोलकात्याचा परिसर ही शोभिवंत माशांची देशातील मोठी केंद्रे आहेत. तेथून पिशव्यांत बंद होऊन आलेला मासा आधीच थकलेला असतो. कालच आलेल्या माशापेक्षा दुकानात आठ-दहा दिवस काढलेला मासा केव्हाही बरा. परतीच्या वाटेवर पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मोकोलच्या पेटीत ठेवावी. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या पिशवीतील पाणी थोड्याच वेळात तापते.

विलगीकरण: सर्वांत महत्त्वाची पायरी

नवा मासा थेट मुख्य टाकीत न सोडता तीन ते चार आठवडे वेगळा ठेवणे, हाच रोगापासूनचा खरा बचाव आहे. त्यासाठी महागडी व्यवस्था लागत नाही. तीस-चाळीस लिटरची साधी टाकी किंवा प्लास्टिकचा टब, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, वर झाकण म्हणून जाळी आणि लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे एक-दोन तुकडे पुरेसे होतात. तळाला वाळू घालू नये. उरलेले खाद्य आणि विष्ठा दिसली पाहिजे. स्पंज आधी महिनाभर मुख्य टाकीत ठेवला, तर त्यावर जीवाणू तयार असतात आणि विलगीकरणाची टाकी पहिल्या दिवसापासून काम करते.

इतका अवधी कशासाठी, हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरून समजते. ‘इक’ या नावाने ओळखला जाणारा हा रोग इक्थायोफ्थिरिअस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीमुळे होतो. माशाच्या त्वचेखाली वाढणारा परजीवी मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका म्हणून दिसतो. पूर्ण वाढल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि विभागत जाऊन शेकडो पिले तयार करतो. ही पिले पोहत नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत तो न मिळाल्यास मरतात. 25 अंशांच्या आसपास हे सारे चक्र आठवड्याभरात पूर्ण होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीचा संसर्ग केवळ कल्ल्यांत असू शकतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तीन-चार दिवस मासा बरा दिसला एवढ्यावर तो निरोगी ठरत नाही. रोग असल्यास तो उघड होण्यासाठी निदान दोन-तीन चक्रे जावी लागतात.

उपचारातही हेच चक्र ध्यानात ठेवावे लागते. त्वचेखालील परजीवीला औषध पोचत नाही; ते केवळ पाण्यात पोहणाऱ्या पिलांना मारते. ठिपके नाहीसे झाले म्हणून औषध थांबवले, तर तळाशी उरलेली पिढी पुन्हा हल्ला करते. त्यामुळे शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा. तापमान हळूहळू 30 अंशांपर्यंत नेल्यास चक्र वेगाने फिरते आणि औषधाला वाव मिळतो. मात्र त्या काळात हवेचा पुरवठा वाढवावा लागतो. लिटरला एक ते तीन ग्रॅम साधे खडेमीठ, एका दिवसात थोडे थोडे विरघळवून, अनेक माशांना उपयोगी पडते. परंतु खवले नसलेले मार्जारमासे आणि पाणवनस्पती यांना ते सोसत नाही.

येथे एक फरक ओळखणे आवश्यक आहे. कणाकणाच्या ठिपक्यांऐवजी तोंडाभोवती किंवा पाठीवर करडा-पांढरा, कापसासारखा पट्टा दिसला, तर तो बहुधा कॉलमनॅरिस हा जीवाणूजन्य रोग असतो. उबदार पाण्यात तो अधिक वेगाने बळावतो, त्यामुळे इक समजून तापमान वाढवल्यास मासा काही तासांत दगावू शकतो. गप्पी किंवा मॉलीच्या गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लाल धागे हे कॅमॅलॅनस कृमींचे लक्षण होय. त्यांच्यासाठी कृमिनाशक लागते, मीठ किंवा मिथिलीन ब्लू नव्हे. रोग न ओळखता प्रतिजैविके ओतण्याची सवय सोडावी. मिथिलीन ब्लू आणि अनेक प्रतिजैविके फिल्टरमधील उपयुक्त जीवाणूंनाही मारतात. औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा. तो औषध शोषून घेतो.

विलगीकरणाच्या टाकीची जाळी, बादली आणि नळी वेगळी असावी. रोज आधी मुख्य टाकीचे काम उरकावे आणि नंतर विलगीकरणाच्या टाकीत हात घालावा, उलट नव्हे. ओली जाळी आणि ओला हात यांच्यावरून रोग सहज प्रवास करतात.

पिशवीतून पाण्यात

दुकान जवळ असेल आणि प्रवास तास-दोन तासांचा असेल, तर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान समान करावे. त्यानंतर पिशवी उघडून दर पाच-सात मिनिटांनी टाकीतील थोडे पाणी तिच्यात घालावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत अजिबात ओतू नये. त्यासोबत दुकानातील रोगजंतू आणि घाण येते.

दहा-बारा तासांहून लांबच्या प्रवासानंतर मात्र हीच सावकाश पद्धत उलटते. बंद पिशवीत माशाच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होते आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वाढतो आणि तो अमोनियम विषारी होतो. अशा पाण्यात माशाला तासभर ठेवून थेंब थेंब पाणी घालणे म्हणजे त्याला विषातच मुरवणे. म्हणून लांबून मागवलेल्या माशांच्या बाबतीत बंद पिशवीने तापमान जुळवावे, पिशवी उघडताच मासा जाळीने काढावा आणि विलगीकरणाच्या टाकीत सोडावा. त्या टाकीचा सामू आणि क्षारता दुकानातील पाण्याशी आधीच जुळवून ठेवलेली असली, तर धक्का कमी बसतो. पुढील आठवड्यांत ते पाणी हळूहळू घरच्या पाण्याकडे वळवता येते.

मुख्य टाकीत प्रवेश

विलगीकरणाचा काळ निर्वेध पार पडल्यावर मासे मुख्य टाकीत हलवावे, पण सर्व एकदम नव्हे. आधीच्या संख्येच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भर एका वेळी न टाकणे आणि दोन खेपांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देणे हा सुरक्षित क्रम आहे. थव्याच्या माशांना मात्र एकटेदुकटे सोडू नये. त्यांचा लहानसा थवा एकत्रच सोडावा.

जुने मासे टाकीतील कोपरे आपसांत वाटून घेतात आणि नव्याला घुसखोर मानतात. यावर साधा उपाय म्हणजे त्याच दिवशी दगड, लाकूड, कुंड्या यांची जागा बदलणे. ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या की जुन्यांनाही नव्याने जागा शोधावी लागते आणि सर्वजण एकाच पातळीवर येतात. मासे संध्याकाळी सोडावे, त्याआधी जुन्यांना पोटभर खाऊ घालावे आणि टाकीचा दिवा सकाळपर्यंत बंद ठेवावा. सिक्लिडसारख्या भांडखोर माशांच्या टाकीत एक-दोन दिवस जाळीचा पडदा लावून नव्याला दिसू द्यावे, पण गाठू देऊ नये.

पहिल्या दिवशी नवा मासा लपून बसणे, रंग फिका पडणे, न खाणे हे स्वाभाविक आहे. मात्र सतत पृष्ठभागाशी धापा टाकणे, अंग तिरके होणे, पर फाटणे किंवा एकाच माशाकडून अखंड पाठलाग होणे ही धोक्याची चिन्हे होत. धापा दिसल्या, तर प्रथम अमोनिया-नायट्राइट तपासून क्लोरीनविरहित पाण्याने चौथा हिस्सा पाणी बदलावे; औषधाचा विचार नंतर. पाठलाग थांबत नसेल, तर नव्याला नव्हे, छळणाऱ्यालाच दोन दिवस बाहेर काढावे. परत आल्यावर त्याचा तोरा बहुधा उतरलेला असतो. पुढील दोन आठवडे एक दिवसाआड पाण्याची चाचणी करावी आणि खाद्य नेहमीपेक्षा थोडे कमीच ठेवावे.

चवथीला किंवा जत्रेला सारे कुटुंब मूळ घरी जाणार असेल, तर त्याआधीच्या पंधरवड्यात नवे मासे आणू नयेत. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. रात्री एसी चालणाऱ्या खोलीतील टाकीला गोव्यातही हीटर लागतो. दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतारामुळे थकलेल्या नव्या माशाची प्रतिकारशक्ती आणखी खालावते.

हाताची काळजी, नदीची काळजी

माशांचे काही रोग माणसालाही होतात. मायकोबॅक्टेरिअम मॅरिनम हा क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातील जीवाणू टाकीच्या पाण्यातून हातावरील जखमेत शिरू शकतो. काही आठवड्यांनी बोटांवर किंवा हाताच्या पाठीवर न भरणारी गाठ वा व्रण उठतो. तो नेहमीच्या औषधांनी बरा होत नाही आणि घरात फिश टँक आहे हे डॉक्टरांना सांगितले नाही, तर निदान लांबत जाते. हाताला कापलेले, खरचटलेले असताना रबरी हातमोजे घालूनच टाकीत हात घालावा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावे.

जो मासा टाकीत जमला नाही, तो जवळच्या ओहोळात, तळ्यात किंवा विहिरीत सोडणे ही दया नव्हे. परदेशी सकर भारतातील अनेक जलाशयांत असाच पोचला आणि तेथे स्थानिक माशांच्या अन्नात व अंड्यांत वाटेकरी झाला. सह्याद्रीच्या ओढ्यांतील कित्येक मासे जगात इतरत्र कोठेही आढळत नाहीत. टाकीतून आलेला एक रोग किंवा एक दांडगी जात त्यांना पुरेशी ठरू शकते. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. विलगीकरणाच्या टाकीतील पाणीही ओहोळात न ओतता शौचालयात किंवा ओहोळापासून दूर कोरड्या मातीत जिरवावे.